पेटीतला माणूस आणि खिशातला मोबाईल

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, कारण शेवटी माझ्याच एका चुकीचा हिशेब आहे.

परवा आपल्या तालुका बुद्धिबळ स्पर्धेच्या तयारीच्या बैठकीला गेलो होतो. मंडप, चहा, बक्षिसं सगळं झालं आणि विषय निघाला, यंदा मोबाईल वापरून खेळणाऱ्यांना पकडायचं कसं? एकजण म्हणाला, "हे एआय आल्यापासून कुणावर विश्वासच ठेवता येत नाही बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. का गप्प बसलो ते नंतर सांगतो. आधी इतिहास बघू, कारण यंत्र आणि बुद्धिबळ यांच्यातला हा संशयाचा खेळ आजचा नाही. तो अडीचशे वर्षांचा आहे.

१७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात, महाराणी मारिया थेरेसासमोर, वोल्फगांग फॉन केम्पेलन नावाच्या अधिकाऱ्याने एक यंत्र आणलं. मोठी लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि मागे तुर्की पोशाखातला, फेटा बांधलेला लाकडी पुतळा. पुतळा स्वतःच्या हाताने सोंगट्या हलवायचा. खेळ सुरू होण्याआधी पेटीची दारं एकेक करून उघडायची, आत मेणबत्ती धरून दाखवायची. लोकांना दिसायची ती दातेरी चाकं. मग दारं बंद करायची, चावी फिरवायची आणि पुतळा भल्याभल्यांना हरवायचा.

याला लोक 'तुर्क' म्हणत. पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याशी खेळला. १८०९ मध्ये नेपोलियन खेळला. संगणकाच्या कल्पनेचा जनक मानला जाणारा चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये त्याच्याकडून हरला.

अर्थात आत माणूस होता. सरकत्या बैठकीवर बसलेला चांगला खेळाडू. एक दार उघडलं की तो दुसऱ्या बाजूला सरकायचा. वरच्या सोंगट्यांत लोहचुंबक होते, त्यामुळे कुठली सोंगटी उचलली ते त्याला पटाच्या खालून कळायचं. उजेडाला मेणबत्ती, आणि तिच्या धुराचा वास कुणाला येऊ नये म्हणून बाहेरही मेणबत्त्या लावलेल्या. अमेरिकेच्या दौऱ्यांत आत बसणारा विल्यम श्लुम्बर्गर १८३८ मध्ये क्युबाच्या दौऱ्यात पीतज्वराने गेला. टाळ्या पुतळ्याला मिळाल्या, पाठ याची वाकली. शेवटी १८५४ मध्ये फिलाडेल्फियात आग लागली आणि तुर्क जळून खाक झाला.

म्हणजे पहिल्या प्रकरणात लोकांचा संशय खरा होता. यंत्राच्या आत माणूस निघाला.

खरं यंत्र यायला विसावं शतक उजाडलं. १९१२ च्या सुमारास स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी एक यंत्र बनवलं. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, एवढा एकच शेवट ते खेळायचं. पण आत कुणी नव्हतं, आणि मात ते स्वतःच द्यायचं.

मग संगणकाचा काळ आला. अॅलन ट्युरिंगने बुद्धिबळाचे नियम आणि हिशेब कागदावर लिहून काढले, पण ते चालवू शकेल असा संगणकच तेव्हा नव्हता. म्हणून १९५२ मध्ये तो स्वतःच यंत्र झाला. समोर सहकारी अॅलिक ग्लेनी, आणि ट्युरिंग कागदावरची आकडेमोड करून "यंत्राची" चाल काढतोय. एकेका चालीला अर्धा अर्धा तास! यंत्र हरलं ते सोडा, पण गंमत बघा. तुर्काच्या वेळी माणूस यंत्राच्या पोटात लपला होता, इथे माणूस उघडपणे यंत्राचं काम करत होता.

त्याच सुमारास, १९५० मध्ये, अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन यांनी एक लेख लिहिला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं बुद्धिबळाचे संगणक त्याच वाटेने गेले. सोप्या भाषेत सांगतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पॅनेल उभं करताना काय चालतं? "मी याला उभं केलं तर समोरचा त्याला उभं करील, मग मी अमक्याला फोडीन, मग तो..." हेच. प्रत्येक चालीला समोरच्याची सगळ्यात चांगली चाल कोणती ते धरायचं, त्यावर आपली, पुन्हा त्याची. शेवटी जी स्थिती येईल तिला गुण द्यायचे. प्याद्याला १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९, शिवाय राजा किती सुरक्षित आहे वगैरे. आणि समोरचा शहाणाच आहे असं गृहीत धरून आपलं कमीत कमी नुकसान होईल ती चाल निवडायची.

अडचण एकच, फांद्या फार फुटतात. शॅननच्या अंदाजाने बुद्धिबळाचे शक्य डाव १ वर १२० शून्यं इतके. सगळे तपासणं कुठल्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून नंतरच्या लोकांनी छाटणीची युक्ती काढली. एखाद्या चालीवर समोरच्याचं जबरदस्त उत्तर सापडलं की ती फांदी तिथेच तोडायची, पुढे वेळ घालवायचा नाही. यात जादू काहीच नाही. मोजणी, छाटणी आणि वेग.

हा वेग १९९७ पर्यंत कुठे पोचला? आयबीएमचा 'डीप ब्लू' सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत होता. समोर होता गॅरी कास्पारोव्ह, जगज्जेता. आदल्या वर्षी फेब्रुवारीत याच यंत्राला त्याने ४-२ ने हरवलं होतं. कुठे? फिलाडेल्फियात. तुर्क जळाला त्याच गावात.

मे १९९७, न्यूयॉर्क. सहा डावांची लढत. पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्या डावात यंत्र एकदम वेगळं खेळलं. समोर प्यादी मिळवायची संधी होती. यंत्र म्हटलं की हावरट, ते प्यादं उचलणारच, हा सगळ्यांचा अनुभव. पण यंत्राने प्यादी सोडली आणि शांतपणे पट आवळत नेला. अगदी मुरलेल्या ग्रँडमास्तरासारखा. कास्पारोव्ह हादरला आणि त्याने डाव सोडून दिला. नंतर विश्लेषण करणाऱ्यांनी दाखवलं की सतत शह देऊन तो डाव बरोबरीत सोडवता आला असता! जगातला सगळ्यात मोठा खेळाडू, पण यंत्राची चूक होणारच नाही असं मनात धरून बसला.

पुढे त्याने उघड संशय घेतला. पत्रकारांसमोर मॅराडोनाच्या त्या हाताने मारलेल्या गोलचं उदाहरण दिलं. मतलब एकच, आत कुणीतरी ग्रँडमास्तर बसून चाल सांगतोय. यंत्राची नोंद दाखवा म्हणाला. आयबीएमने तेव्हाच्या तेव्हा सगळं समोर ठेवलं नाही, नंतर नोंदी प्रसिद्ध केल्या. शेवटचा डाव कास्पारोव्ह अवघ्या १९ चालींत हरला आणि यंत्राने लढत साडेतीन विरुद्ध अडीच अशी जिंकली. पुन्हा खेळू म्हटलं तर आयबीएम नाही म्हणाली आणि यंत्र मोडीत काढलं.

दोन्हीकडून चुकलं, असं माझं मत. यंत्राच्या आत माणूस बसला होता याचा पुरावा कधीच मिळाला नाही. २०१७ मध्ये या लढतीवर लिहिलेल्या पुस्तकात खुद्द कास्पारोव्हचीच भाषा बरीच मवाळ झालेली दिसते. पण मागितली तेव्हाच नोंद समोर टाकली असती तर एवढी वर्षं धूर राहिला नसता. आपल्याकडे रेशनच्या याद्या असोत की ठेक्यांच्या निविदा, गोष्ट हीच असते. कागद दाखवायला उशीर केला की खरं काम केलेल्यावरही संशय राहतो.

पुढचं थोडक्यात. २०१६ मध्ये सोलमध्ये 'अल्फागो'ने गो या खेळात दक्षिण कोरियाच्या ली सेडोलला ४-१ ने हरवलं. तीन वर्षांनी तो निवृत्त झाला. २०१७ च्या डिसेंबरात 'अल्फाझिरो' आला. त्याला फक्त नियम सांगितले, माणसांचा एकही डाव दाखवला नाही. स्वतःशीच खेळत खेळत तो काही तासांत तेव्हाच्या सगळ्यात ताकदवान प्रोग्रॅमच्या पुढे गेला.

आणि आज? आज 'स्टॉकफिश' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, साध्या मोबाईलवर चालतो आणि जगज्जेत्याला सहज हरवेल एवढं खेळतो.

इथे गाडी उलटी फिरली. १७७० मध्ये लोक विचारत होते, यंत्रात माणूस आहे का? आता विचारतात, माणसाच्या खिशात यंत्र आहे का?

संशय निराधार नाही, हेही सांगितलं पाहिजे. २००६ मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ यंत्र सापडलं, त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. २०१९ मध्ये युरोपात एक ग्रँडमास्तर स्वच्छतागृहात मोबाईलसकट सापडला. पण २०२२ मध्ये मॅग्नस कार्लसन हान्स निमनकडून हरला, स्पर्धा सोडून गेला आणि जगभर गदारोळ झाला. लहानपणी ऑनलाईन डावांत फसवणूक केल्याचं निमनने स्वतः कबूल केलं. मात्र समोरासमोरच्या त्या डावात त्याने फसवल्याचं कुणीही सिद्ध करू शकलं नाही. कोर्टकचेरी झाली आणि २०२३ मध्ये प्रकरण मिटलं.

आता माझा हिशेब.

गेल्या वर्षी आपल्या स्पर्धेत आठवी-नववीतला एक मुलगा कॉलेजच्या एका नावाजलेल्या खेळाडूला हरवून पुढे गेला. खेड्यातला, पायात साधी चप्पल, क्लास वगैरे काही नाही. डाव चालू असताना तो दोनदा लघवीला गेला. तेवढ्यावरून कुजबुज सुरू झाली. मला दोन फोन आले. मी पंचांशी नीट बोललो नाही, मुलाशी तर नाहीच. बातमी दिली, "बुद्धिबळ स्पर्धेत मोबाईलचा वापर?" नाव छापलं नव्हतं. पण गाव आणि इयत्ता छापली, मग नाव छापायचं राहिलं कुठे? शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, ही आम्हा पत्रकारांची जुनी सवय.

मुलाकडे मोबाईल सापडला नव्हता. तक्रारही लेखी नव्हती. पण पुढच्या फेरीला तो आलाच नाही.

दोन महिन्यांनी एका ओळखीच्या प्रशिक्षकांकडे बसलो होतो. त्यांच्याकडे त्या डावाचा लिहिलेला कागद होता. त्यांनी माझ्यासमोर तो संगणकात टाकला. म्हणाले, "बघा साहेब, याने आठव्या चालीला उंट फुकट दिलाय. पुढे जिंकलेला डाव दोनदा हातचा घालवलाय. समोरच्याने तीनदा घालवला म्हणून हा जिंकला. मोबाईल बघून कुणी असं खेळतं का?"

ज्या यंत्रावरून मुलावर आळ आला, त्याच यंत्राने पाच मिनिटांत त्याची बाजू मांडली. ती पाच मिनिटं बातमी देण्याआधी मला काढता आली असती. मी काढली नाहीत.

त्यानंतर त्याच्या घरी गेलो. मुलगा बाहेर आला नाही. त्याचे वडील एवढंच म्हणाले, "आता कशाला साहेब, झालं ते झालं." आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापून आणला. बातमी किती जणांनी वाचली आणि खुलासा किती जणांनी, हे तुम्हीच ओळखा. म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितोय. चूक माझी होती, त्या मुलाची काहीच नव्हती.

आपल्या महाराष्ट्राने खाडिलकर भगिनी दिल्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाला घर मिळवून दिलं. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अशी पोरं कुठल्यातरी छोट्या हॉलमधल्या सतरंजीवरूनच सुरुवात करतात. तिथे लहान गावातलं पोरगं जिंकलं की पहिला प्रश्न "कसं खेळलास?" हा हवा. आपण "खिसा दाखव" म्हणतो.

बैठकीत मी शेवटी तीन गोष्टी मांडल्या आणि त्या मान्य झाल्या. एक, खेळाडू, पालक, पंच, पत्रकार, सगळ्यांचे मोबाईल दाराशी पिशवीत जमा होतील. दोन, तक्रार लेखी आणि सहीनिशी, आणि डावाचा कागद तपासल्याशिवाय निर्णय नाही. तीन, निर्णय होईपर्यंत कुणाचं नाव, गाव, इयत्ता बाहेर जाणार नाही, ना बातमीत ना व्हॉट्सअॅपवर. तिसरी अट सगळ्यात आधी मलाच लागू.

प्रवेशाचा पहिला अर्ज मी स्वतः त्या मुलाच्या घरी नेऊन दिलाय. वडिलांनी ठेवून घेतला. तो येईल की नाही माहीत नाही. आला तर त्याच्याकडे टक लावून बघू नका, बाजूच्या पटावर बसा आणि खेळा.

चूकभूल द्यावी घ्यावी.