पंचविसाची कुळकथा

खराडीतल्या एखाद्या सोसायटीत कुणी आयफोनवर लग्न टिपलं, तर सहसा सेकंदाला तीस चित्रं उमटतात. तोच तुकडा मराठी वाहिनीच्या कार्यक्रमात घालायचा झाला, की वाहिनी पंचवीसच मागते. सरसकट दर सहावं चित्र गाळलं तर वरात सेकंदाला पाच आचके देत पुढे सरकते. ते लपवण्यात एडिटरची संध्याकाळ जाते. पण हे पंचवीस आलं कुठून? महावितरणच्या तारेतून!

आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. सुरुवातीच्या टीव्ही संचांत विजेचा गुणगुणाट पडद्यावर काळपट पट्टा होऊन उतरायचा. चित्रांचा वेग विजेशी जुळवला, की तो निदान एका जागी थांबायचा, एरवी वर-खाली फिरत राहायचा. म्हणून बीबीसीने 1936मध्ये पन्नासाचं निम्मं धरलं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत दाखवलं: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. तेच पंचवीस 1959मध्ये दिल्लीत, 2 ऑक्टोबर 1972ला मुंबईत आणि 1973मध्ये सिंहगडावरून पुण्यात उतरलं. आता संच सपाट झाले, पट्टा गेला. एचडी वाहिन्यांच्या 1080आय50 मधले पन्नास मात्र तेच अर्धे हप्ते.

अमेरिकेची वीज साठाची, म्हणून तिथे तीस. 1953मध्ये रंग आले. रंगाची लहर आवाजाच्या लहरीला नडू नये म्हणून तिसाचे 29.97 झाले. या आकड्याला शिव्या न घातलेला एडिटर मी पाहिलेला नाही. न्यू जर्सीतल्या भावाला पाठवलेली मुंजीची व्हीएचएस तिथल्या साध्या व्हीसीआरवर धड दिसायची नाही. ती आधी बदलून घ्यावी लागे.

सिनेमाचं गोत्र मुळातच वेगळं. बोलपटांपासून तिथे चोवीस. चोवीसचं पंचवीस करण्याचा दूरदर्शनी उपाय सोपा: फिल्म तेवढी भरभर पळवायची. प्रभातचा 1936चा ‘संत तुकाराम’ 131 मिनिटांचा. या हिशेबाने तो पाचेक मिनिटं आधीच वैकुंठाला पोहोचतो. वेळेचं एक वेळ चालेल, पण स्वरही चढतो. काळी एकमधला अभंग पांढरी दोनच्या दिशेने अर्ध्याहून अधिक वाट सरकतो. अशी चलाखी इतकी वर्षं खपली, कारण शेजारी मूळ आवाज ठेवून ऐकणार कोण?

आता नेटफ्लिक्ससारखे मंच ज्या वेगात चित्रण झालं त्याच वेगात फाइल मागतात. म्हणजे पंचविसाच्या जुन्या टेपवरून सिनेमा परत चोवीसवर आणायचा, अर्धे हप्ते पुन्हा सांधायचे. आवाजही तेवढाच उतरवायचा. पण टेप करताना कुणी स्वर आधीच दुरुस्त केला असेल, तर आता तो नको तितका खाली जातो. म्हणून अशा फाइलला हात लावण्यापूर्वी सिनेमाची मूळ प्रत मिळवावी, पेटी घेऊन बसावं आणि षड्ज ताडून पाहावा.