मधुमेही मुलांची देखभाल
मधुमेही मुलांची देखभाल मुख्यतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी निगडित आहे. या विकारात स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट होतात व इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून द्यावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोराँटोत १४ वर्षीय लेनर्ड थॉम्पसनला ते टोचले गेले. तोवर हे निदान मुलांच्या बाबतीत प्राणघातकच ठरे.

शाळेत तातडीचा धोका रक्तशर्करा घटण्याचा असतो. घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणे शिक्षकांना खोडसाळपणाही वाटू शकतात. शर्करा ७० मिग्रॅ/डेलि खाली गेल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज (लहानग्यांना कमी) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात; बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. किशोरवयात संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढते. नेमका तेव्हाच मित्रांसमोर सुई टोचून घेण्याचा संकोचही वाढतो.