एका रात्रीची एक डिस्क



आज हातात काय घेऊन बसलोय ते आधी दाखवतो. व्हिडिओ पाहणाऱ्यांना दिसतंय, ई-बुक वाचणाऱ्यांसाठी सांगतो: काळं, चेन लावलेलं, सीडी ठेवायचं पाकीट. चोवीस कप्पे. चेन अर्ध्यावर अडकते. आत डिस्क आहेत आणि प्रत्येकीवर मार्करनं गेमचं नाव आणि तारीख लिहिलेली आहे. 2008 ते 2010 ही दोन वर्षं मी चेन्नईत नोकरी केली, तिरुवल्लिकेणीत राहिलो, आणि तिथून परत येताना कमाई म्हणून जे आणलं त्यातलं हे एक.

इतिहासाच्या मालिकेत गेमच्या सीडी कशाला, असं काही जणांना वाटेल. पण इतिहास म्हणजे शेवटी कुणीतरी नक्कल करून ठेवलेला कागद असतो. ती नक्कल कुणी केली, कशावर केली आणि पुढे ती उघडता आली का, एवढंच आज बघायचं आहे.

आधी जागा सांगतो. तिरुवल्लिकेणी म्हणजे 'तिरु-अल्लि-केणी', पवित्र कुमुदांचं तळं. इंग्रजांनी त्याचं ट्रिप्लिकेन केलं. पार्थसारथीचं देऊळ इथलं, वालाजा मशीद इथली, चेपॉकचं मैदान हाकेच्या अंतरावर, आणि पलीकडे मरीनाचा समुद्र. पण बाहेरगावाहून नोकरीला आलेल्या एकट्या पुरुषाला हा भाग माहीत असतो तो 'मॅन्शन'साठी. नाव भारदस्त, प्रत्यक्षात लॉज. अरुंद खोल्या, लोखंडी खाटा, मजल्यावर सामाईक न्हाणी. मुंबईच्या गिरणगावातल्या गाळ्यांची आठवण यावी असं. खोलीत फोनची लाइन नाही, मग इंटरनेट कुठलं? ते खाली. तिकडे सायबर कॅफेला 'ब्राउझिंग सेंटर' म्हणतात. आमच्या मॅन्शनखालच्या सेंटरच्या काचेवर तमिळ आणि इंग्रजीत पाटी होती: झेरॉक्स, लॅमिनेशन, रेल्वे तिकीट, सीडी रायटिंग.

आता थोडं गणित करू. मला हे गणित फार आवडतं.

बीएसएनएलनं 2005 च्या जानेवारीत 'डेटावन' ब्रॉडबँड आणलं. वेग 256 केबीपीएस. महिन्याच्या डेटाला मर्यादा, आणि ती ओलांडली की बिल फुगायचं. मात्र काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मीटर बंद. त्या सहा तासांत कितीही उतरवा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी, मग ते इंदूरला असोत, बेळगावला की नाशिकला, दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू केलेलं असणार. 256 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 32 किलोबाइट. सहा तासांचे सेकंद 21,600. गुणाकार केला तर येतात साधारण 690 एमबी. आणि कोरी सीडी केवढ्याची? 700 एमबीची.

एका रात्रीची एक सीडी.

पुढे वेग 2 एमबीपीएसपर्यंत गेला. तेच सहा तास, तोच गुणाकार: कागदावर 5.4 जीबी, लाइन मध्ये मध्ये तुटणार हे धरलं तर चारसाडेचार. डीव्हीडी 4.7 जीबीची. म्हणजे परत एका रात्रीची एक डिस्क! हे कुणी ठरवून केलेलं नाही, निव्वळ योगायोग. पण त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात डिस्क हे रात्र मोजायचं माप होऊन बसलं. हार्ड डिस्क 80 नाहीतर 160 जीबीची, ती लगेच भरायची. गेम खेळून झाला, आता पुसायचा. पण पुसला तर परत हवा असेल तेव्हा पुन्हा रात्र जागायची. त्यापेक्षा वीसएक रुपयांची डीव्हीडी बरी.

डिस्क कुठून आणायच्या? वालाजा रोडनं अण्णा सालईवर यायचं, रस्ता ओलांडायचा की रिची स्ट्रीट. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड डोळ्यांपुढे आणावा. पन्नास डिस्कचा गोल डबा घेतला की एक डिस्क आणखी स्वस्त पडायची. डब्यावरचं नाव बहुतेक वेळा मोझर बेअर. नाव परदेशी वाटतं, आणि आलंही होतं स्वित्झर्लंडच्या भागीदाराकडून, पण कंपनी 1983 साली दिल्लीत सुरू झालेली. वेळ नोंदवणाऱ्या यंत्रांपासून सुरुवात, मग फ्लॉपी, 1999 पासून सीडी-आर. जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत ती गणली जाऊ लागली. 2018 साली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणानं तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. ज्या कंपनीच्या वस्तूवर आपण 'कायमचं जपून ठेवलं' असं लिहीत होतो ती कंपनी आपल्या आधी गेली.

डिस्क 'राइट' करणं हेही एक काम होतं. नीरो नावाचं सॉफ्टवेअर, ज्याच्या चित्रात रोमचं कलोसियम पेटलेलं. ब्राउझिंग सेंटरमधला मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "सार, सोळाच्या स्पीडला नको, चारला लावा." सोळाला डीव्हीडी सहा मिनिटांत होते, चारला पंधरा मिनिटं लागतात. पण घाईनं लिहिलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये अडते असा त्याचा अनुभव. लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' करायचं, म्हणजे डिस्कवरचं मूळाशी ताडून बघायचं. हे बहुतेक लोक टाळायचे. मीही टाळलं, त्याची फळं पुढे सांगतो.

नीरोचा लेसर डिस्कवर खड्डे पाडत नाही, बरं का. कंपनीतून छापून येणाऱ्या डिस्कमध्ये खड्डे असतात. आपण घरी लिहितो त्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो, लेसर तो जागोजाग करपवतो. रंगच तो, ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की उतरतो. सीडीमध्ये तर चकाकणारा थर वरच्या, म्हणजे आपण ज्यावर लिहितो त्याच बाजूला असतो आणि त्यावर फक्त लाखेसारखा लेप. बॉलपेन दाबून नाव लिहिलं की आतला डेटा गेला. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा टिकते. आता या वस्तूला मरीनाच्या खाऱ्या हवेत, पंखा असलेल्या आणि खिडकी नसलेल्या खोलीत ठेवा.

हाच प्रश्न याच गल्ल्यांत शंभर वर्षांपूर्वी एका माणसासमोर होता. उ. वे. स्वामिनाथ अय्यर. तमिळ लोक त्यांना 'तमिळ तात्ता' म्हणतात, तमिळचे आजोबा. 1903 साली ते कुंभकोणमहून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले आणि पुढे तिरुवल्लिकेणीतल्या पिळ्ळैयार कोविल स्ट्रीटवर राहिले. जुनं तमिळ साहित्य तेव्हा ताडपत्रांवर होतं. दमट हवेत ताडपत्राला कीड लागते, ते ठिसूळ होतं, म्हणून दर काही पिढ्यांनी नवीन पानांवर उतरवून घ्यायचं अशी जुनी रीत. ती रीत मोडली होती. लोक जुनी पानं आषाढात, आडिपेरुक्कुला, नदीत सोडून देत. स्वामिनाथ अय्यर गावोगाव हिंडून ती गोळा करत, एकाच ग्रंथाच्या चार प्रती शेजारी ठेवून ताडून बघत आणि छापत. आपलं 'व्हेरिफाय'च ते! 'सीवक चिंतामणि' 1887 साली छापलं, 'शिलप्पदिकारम्' 1892 साली, 'पुरनानूरु' 1894 साली. त्यांचं ते तिरुवल्लिकेणीतलं घर 2012 साली पाडलं गेलं. मी तिथे राहत होतो तेव्हा ते उभं होतं आणि मी ते पाहायला गेलो नाही. रिची स्ट्रीटला मात्र दर शनिवारी जात होतो.

गेमच्या बाबतीत ताडपत्राची कीड हा निम्माच प्रश्न आहे. दुसरा निम्मा कुलपाचा.

सुरुवातीला असं नव्हतं. 10 डिसेंबर 1993 ला 'डूम' हा गेम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला तेव्हा पहिला भाग फुकट होता. उतरवा, नक्कल करा, मित्राला द्या, आवडला तर पुढचे भाग विकत घ्या. नक्कल होणं हीच त्याची जाहिरात. आपल्याकडे तो बहुतेकांना फ्लॉपीवरूनच भेटला. मग 2003 च्या सप्टेंबरात व्हॉल्व्ह कंपनीनं 'स्टीम' आणलं, आणि 16 नोव्हेंबर 2004 ला 'हाफ-लाइफ 2' आला. दुकानातून डिस्क विकत आणली तरी स्टीमवर खातं उघडून, इंटरनेटला जोडून परवानगी घेतल्याशिवाय तो चालत नव्हता. पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की पैसे भरून, डिस्क हातात धरून लोक बसून राहिले.

गंमत म्हणजे स्टीममध्येच बॅकअपची सोय होती. गेम निवडायचा, आणि सीडीच्या मापाचे तुकडे हवेत की डीव्हीडीच्या, ते सांगायचं. नेटका तुकडा पडायचा, डिस्कवर बसायचा. मी खूश. पण ती डिस्क परत टाकताना खात्यात शिरावंच लागायचं. डाउनलोडच्या रात्री वाचल्या, मालकी नाही मिळाली.

पाकिटातल्या सगळ्या डिस्क काही सज्जन नव्हत्या, हेही कबूल करतो. त्या काळात स्टीमवर किमती डॉलरमध्ये होत्या, रुपयात आल्या 2015 साली. क्रेडिट कार्ड किती जणांकडे होतं? बीचजवळच्या बर्मा बाजारात काय मिळतं हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. तमिळनाडूनं 2004 साली व्हिडिओ चोरांना गुंडाविरोधी कायद्यात आणलं, महाराष्ट्रानं 2009 साली एमपीडीएमध्ये. पण चोरीची नक्कल आणि स्वतःच्या वस्तूची नक्कल यांत आपला कायदा फरक करतो, हे फारसं कुणी सांगत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये (एए) असा उपखंड आहे. ज्याच्याकडे संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे, त्यानं ती हरवू, नष्ट होऊ, खराब होऊ नये म्हणून तात्पुरत्या बचावासाठी नक्कल केली तर तो कॉपीराइटचा भंग नाही. 2012 साली 65-ए कलम आलं: हक्कभंग करण्याच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे नक्कल ठेवायला कायद्याची ना नाही. फक्त ती उघडायची किल्ली कंपनीनं दिली पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नाही.

प्रत शाबूत आणि किल्ली गायब, ही गोष्ट मराठी माणसाला तरी नवीन वाटू नये. महानुभावांचे ग्रंथ आठवा. त्यांनी आपल्या पोथ्या सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. नकला भरपूर, जपणूक कडक, मठामठांतून शेकडो वर्षं पोथ्या सुखरूप. पण बाहेरच्याला एक अक्षर लागत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, भाव्यांनी ते साहित्य लोकांपुढे मांडलं, तेव्हा कळलं की मराठीतलं सुरुवातीचं गद्य तिथे पडून होतं. लिपी उलगडायला राजवाडे भेटले म्हणून. 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 2014 साली आला, 31 मार्च 2024 ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले, आणि दुकानातून घेतलेल्या त्याच्या डिस्क त्या दिवशी निरुपयोगी झाल्या. त्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली, 2025 मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं कायदा केला, 1 जानेवारी 2025 पासून लागू: विकत देताय की नुसता परवाना देताय ते ग्राहकाला स्पष्ट सांगा. सांगा एवढंच. आणि कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन सोनीनं 2025 च्या फेब्रुवारीत थांबवलं.

आता हे पाकीट. गेल्या आठवड्यात एका मित्राकडून यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह उसना आणला. भाच्याला डिस्क दाखवली तर तो लॅपटॉपच्या चारही बाजू फिरवून म्हणाला, "मामा, पण ही घालायची कुठे?" आतापर्यंत अठरा डिस्क घालून पाहिल्या. सात ड्राइव्हनं ओळखल्याच नाहीत, त्यातल्या पाच सोळाच्या स्पीडनं लिहिलेल्या, हे माझ्याच अक्षरात कोपऱ्यात आहे. चार मध्यावर अडल्या. स्टीमच्या तीन डिस्क अगदी ठणठणीत निघाल्या, पण खातं तेव्हाच्या ऑफिसच्या ई-मेलवर उघडलेलं. पासवर्ड बदलायचा निरोप त्या पत्त्यावर जातो, आणि तो पत्ता मी नोकरी सोडली त्याच संध्याकाळी बंद झाला. 'घजिनी'चा गेम होता, 2008 साली हैदराबादच्या एफएक्स लॅब्जनं केलेला. तो मध्यावर अडलेल्या चारांत आहे.

एक डिस्क मात्र वेगळी निघाली. 'गॉग' नावाचं दुकान 2008 साली सुरू झालं, जुने गेम कुलूप न लावता विकणारं. तिथून मी एका सहकाऱ्याच्या कार्डावर 'फॉलआउट' घेतला होता, सहा डॉलरला. इन्स्टॉलरवर दोनदा क्लिक केलं. त्यानं नाव विचारलं नाही, इंटरनेट विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही. सुरू झाला.

तो मी दोन हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलाय आणि यावेळी ताडूनही बघितलाय. पाकिटातल्या सहा डिस्क अजून घालून बघायच्या आहेत. ड्राइव्ह रविवारी परत द्यायचा आहे.