आकाशातले कारंजे आणि रेडिओ सिलोन

१९८० सालच्या मार्चमधली एक बुधवारची रात्र. घड्याळात नुकतेच आठ वाजून गेलेले. आमच्या पडवीत शेजारपाजारची दहा-पंधरा माणसे जमलेली. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागली आणि अमीन सयानींचा आवाज एकाएकी थरथरू लागला. कुणी त्यांना पाण्यात बुडवून वर काढतेय, पुन्हा बुडवतेय, असे वाटावे. अब्बांनी बटण फिरवले, एरियलची तार ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळले. “सेटला हात कुणी लावला?” आदल्या दिवशी मी सेटची मागची बाजू उघडून पाहिली होती, हे खरे. सगळ्यांदेखत थप्पड बसली. दुसऱ्या दिवशी सेट दुरुस्तीला गेला, दोन भाग बदलले गेले, पैसे गेले. पुढच्या बुधवारी पुन्हा तीच रड. पावसाळा लागला आणि आवाज आपोआप सुधारला.

मी पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. विज्ञानाशी संबंध आला नाही. पण ती थप्पड लक्षात राहिली. तिचे उत्तर मिळाले ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेमुळे.

ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर आणि गणिती केरूनाना छत्रे या दोघांचाही या वेधशाळेशी संबंध होता, हे मराठी माणसाने विसरू नये. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर झोत दिसला. दुसऱ्या दिवशी युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांचा पार गोंधळ उडाला. त्याच दिवशी कुलाब्याला पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले. म्हणजे एकूण बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास. ऐकायला थोडे वाटते, पण नेहमीच्या वादळात एवढी घसरण होत नाही. ही नोंद कागदात पडून होती. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ती जगापुढे आणली तेव्हा तिचे मोल कळले.

पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने चुंबकसूच्या हलणार, म्हणून नानाभाई मूस या पहिल्या भारतीय संचालकांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे लोखंड टाळून इमारत उभी राहिली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी करून आकडे ताडून घेतले. गंमत अशी की अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच आली!

आता रेडिओकडे येतो. १९०१ मध्ये मार्कोनींचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला. पृथ्वी गोल असताना लहर वाकली कशी? वर विद्युतभारित हवेचा थर आहे आणि तो लहर परतवतो, असा तर्क निघाला. ॲपलटन यांनी १९२४ मध्ये तो प्रयोगाने सिद्ध केला. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र या थराचा अभ्यास करत होते.

पण हा थर सगळीकडे सारखा नाही. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तिथे पृथ्वीची चुंबकरेषा जमिनीशी समांतर, आडवी असते. दिवसा तिथला विद्युतभार वर उचलला जातो आणि कारंज्याच्या पाण्यासारखा उत्तरेला व दक्षिणेला उतरतो. सूर्य मावळताच थर झपाट्याने आणखी वर चढतो, त्याच्या तळाशी पोकळ बुडबुडे तयार होतात आणि वर घुसतात. पेरूमध्ये हुआनकायो येथे बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्ये या विस्कटलेल्या थराची नोंद केली. थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी आपले पहिले रॉकेट उडाले, ती जागाही चुंबकीय विषुववृत्ताजवळची म्हणूनच निवडली होती.

श्रीलंकेहून निघालेली लहर कर्नाटकाच्या आकाशात थराला आपटून आमच्या पडवीत उतरायची. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, हे बुडबुडे फार. १९८० हे तसेच वर्ष होते. सेट बिचारा निर्दोष होता, आणि मीही.

मला वाटायचे, सूर्याचे वादळ आले की रेडिओ बिघडणार, एवढाच हिशेब असेल. पण आपल्याकडे तसे नाही. वादळाचा भर नेमका आपल्या संध्याकाळी आला, तर ध्रुवांकडून शिरलेले विद्युतक्षेत्र थराला आणखी वर ढकलते आणि बुडबुडे माजतात. तेच वादळ काही तासांनी वेगळे वागते. ध्रुवांजवळची हवा तापते, तिथून वारे सुटतात, क्षेत्र उलटे होते आणि दुसऱ्या संध्याकाळी थर वर चढतच नाही. मग लहर एरवीपेक्षाही स्वच्छ येते. मध्यरात्रीनंतर मात्र हेच उलटे क्षेत्र थर उचलू शकते. म्हणजे वादळ किती मोठे, एवढे विचारून भागत नाही. ते आपल्याकडे किती वाजता आले, हेही विचारावे लागते. युरोपातले ठोकताळे इथे लागू पडत नाहीत ते यामुळेच.

शॉर्टवेव्ह आता फारसे कुणी ऐकत नाही. पण तेच बुडबुडे उपग्रहाचे संकेतही थरथरवतात. विमानांसाठी ‘गगन’ ही प्रणाली उभारताना आपल्या शास्त्रज्ञांना त्यांचाच विचार करावा लागला. मे २०२४ मध्ये मोठे वादळ आले तेव्हा लडाखमधल्या हानले येथे आकाश लाल दिसले. त्या दिवसांत मला मासेमारी करणाऱ्या मावसभावाची आठवण झाली. संध्याकाळी बोटीवरचे जीपीएस कधीकधी भलतीच जागा दाखवते, अशी त्याची तक्रार असते. यंत्र दुरुस्तीला द्यायला निघाला होता. म्हटले, भाईजान, आधी दोन-तीन दिवस थांबा.