पोत्याचं वजन आणि मायची कंबर

मागच्या शुक्रवारी ऑफिसात एक बाई आल्या होत्या, 'पाठ सांभाळा' छापाचं ट्रेनिंग द्यायला. आम्ही दिवसभर कीबोर्ड बडवणारी मंडळी, उचलतो काय तर लॅपटॉपची बॅग! पण त्यांनी सांगितलेला एक आकडा डोक्यात राहिला. 23 किलो. अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेच्या 1991च्या सूत्राप्रमाणे, सगळं अनुकूल असताना कामगाराने उचलायचं हे जास्तीत जास्त वजन. वाकून, वळून उचलायचं असेल तर आणखी कमी.

मला एकदम धुळ्याची माझी माय आठवली.

दादाला 1978 साली पोलिओ झाला, दोन वर्षांचा असताना. सरकारी लसीकरणात पोलिओचा डोस आला 1979 मध्ये. म्हणजे एका वर्षाने हुकलं! दहा वर्षांचा झाला तेव्हा दादा 25 किलोचा होता. खाटेवरून न्हाणीत, न्हाणीतून ओट्यावर, ओट्यावरून शाळेत, सगळं मायच्या कडेवर. कोणी काही बोललं तर म्हणायची, "पोटना पोऱ्या काय जड लागस का?"

आता गंमत बघा. वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांच्या ओझ्याचा विचार जगाने केला होता. 1948च्या कारखाना कायद्यात कामगाराने किती वजन उचलावं यावर मर्यादा घालायची तरतूद होती. 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पुरुषांसाठी 55 किलोची शिफारस केली. 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालांच्या मागे बाबा आढावांसारखी माणसं उभी राहिली. पण घरात ओझं उचलणारीला ना संघटना, ना सुट्टी. आणि पोतं दरवर्षी वाढत नाही, पोरगं वाढतं!

आईने स्वतः वाट काढल्याचं एक मोठं उदाहरण मुंबईत आहे. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्या उपचार शोधत पार मद्रासपर्यंत गेल्या आणि 1947 मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल त्यातूनच उभं राहिलं. पण धुळ्याहून मुंबई म्हणजे चाळीसगावला गाडी बदलायची, आणि पूल चढायचा तो पोराला उचलूनच.

पुढे भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी 2011 मध्ये, आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण आधीची मुलं आणि त्यांच्या आया कुठे जाणार? शिवाय सेरेब्रल पाल्सीची मुलं आजही आहेतच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. भत्ता ठीक, पण कंबरेचं काय?

आता खरं सांगतो. तेराव्या वर्षापासून दादाला मी उचलायचो. 1997 मध्ये इंजिनियरिंगला पुण्याला आलो. हॉस्टेल, मित्र, कॉम्प्युटर, सगळं नवं. मी निघाल्यावर एकवीस वर्षांच्या दादाला कोण उचलणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. घरात कोणी काढलाही नाही. मायने पुन्हा कंबर कसली, एवढंच.

आज माय काटकोनात वाकून चालते. तिला 23 किलोंचं सांगितलं तर हसली.

असो. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर पुढच्या वेळी मुलाची चौकशी कराच, पण आईलाही विचारा, पाठ कशी आहे? आणि जमलं तर एकदा तुम्ही उचला.