‘लाईन’ : एका शब्दाचा अर्थविस्तार

हिमायतनगर, म्हणजेच जुने वाढोणा, हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील गाव होय. या परिसराच्या बोलीत ‘लाईन’ या इंग्रजी शब्दाने किती घरे केली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. ज्या लॅटिन शब्दापासून तो निघाला, त्याचा अर्थ अळशीच्या वाखाचा दोरा. दोऱ्यावरून रेघ आणि रेघेवरून रांग हा विस्तार मराठीत येण्यापूर्वीच झाला होता.

मराठीत मात्र हा शब्द वस्तूंच्या मागोमाग आला. रुळांचा मार्ग ही ‘लाईन’. छावणीतील शिपायांच्या वस्तीवरून ‘पोलीस लाईन’. तिकिटासाठी लागते तीही ‘लाईन’. पुढे ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली, असा अर्थ रूढ झाला. येथे तार मागे पडून तीतून वाहणारी शक्तीच शब्दार्थ बनली आहे.

मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘ओळ’ व ‘रांग’ यांचा संस्कार त्यामागे संभवतो. परंतु उर्दूतही तो स्त्रीलिंगीच आहे, आणि १९४८ पर्यंत येथे निजामी राजवटीचा कारभार उर्दूत चाले, हेही विसरता येत नाही.

कोशात ‘रेषा, रांग’ एवढेच नोंदविणे म्हणूनच अपुरे ठरते. रात्री ‘लाईन आली’ हे शब्द कानी पडताच शेतकरी मोटर सुरू करावयास उठतो. त्याचे पीक त्या दोन शब्दांवर अवलंबून असते. परकीय म्हणून असा शब्द गाळणारा कोश त्याच्या जीवनाचा एक भागच गाळतो.