तुळजापूर गढी : पांढरीची साक्ष

सागरतटाचे कडे ढासळून प्राचीन वस्त्या उघड्या पडल्याचीं उदाहरणें संशोधकांस सुपरिचित आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांवर १८५० सालच्या वादळानें किनाऱ्यावरील वाळू उडवून नेली आणि स्कारा ब्रे येथील सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींचीं दगडी घरें प्रकट झालीं. आमच्या वऱ्हाडास समुद्र नाहीं. तथापि समुद्राचें हें कार्य येथें नद्यांचे पूर करितात. उन्हाळ्यांत काळ्या मातीस भेगा पडतात, पावसाळ्यांत त्यांतून पाणी उतरतें, पूर काठाचा पाया पोखरतो आणि दरड कोसळते. त्या काठांत जुन्या वस्तीची पांढरी असल्यास राख, हाडें व खापरें उघडीं पडतात.

अशा पांढरींत किती जुना इतिहास दडलेला असतो, याचें प्रमाण चांदूर बाजार तालुक्यांतच आहे. तेथील तुळजापूर गढीचें उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. पी. बोपर्डीकर यांनीं १९८४-८५ सालीं केलें. प्रवराकाठचें दायमाबाद १९५८ सालीं उजेडांत आणणारे संशोधक ते हेच. गढींत माळवा व जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींचे अवशेष मिळाले. काळ्या नक्षीचीं तांबडीं जोर्वे भांडीं गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यांत विपुल सांपडतात. ती परंपरा विदर्भांतही पोंचली होती, हें यावरून सिद्ध झालें.

आम्हां संस्कृताच्या अभ्यासकांस विदर्भ म्हटला कीं भीष्मक, रुक्मिणी, दमयंती यांचेंच स्मरण होतें. ग्रंथ राजकुलांची कथा सांगतात. सामान्य गृहस्थाच्या चुलीची वार्ता मात्र पांढरीच सांगते. परंतु ती वार्ता थरांच्या क्रमांत असते. पुरानें थर वाहून गेला, किंवा खत म्हणून पांढरी गाड्या भरून शेतांत नेली, कीं खापर उरतें, पण त्याचा काळ हरपतो.

माझ्या अध्यापनकाळीं विद्यार्थी नदीकाठचीं खापरें कौतुकानें आणून देत. मीं तीं कपाटांत जपून ठेविलीं. परंतु तीं कोठून व किती खोलीवरून निघालीं, हें एकासही विचारिलें नाहीं. आज तीं केवळ खापरें आहेत. हा दोष सर्वस्वीं माझा.

यास्तव गांवोगांवच्या शिक्षकबंधूंस विनंति कीं, पूर ओसरतांच त्यांनीं काठ पाहावा. स्थळ, थराची खोली व दिनांक लिहून ठेवावा. कांहींही उपटूं नये. आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. यंदा उघडा पडलेला काठ पुढील पावसाळ्यांत राहीलच, असा भरंवसा नाहीं.